जुना संगणक, मुलांचे खेळ आणि आपला पैसा

संगणक आता कापड बाजारात नवलाईची वस्तू राहिलेला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील पेढ्यांवर, सायझिंगच्या कचेरीत आणि शिलाईच्या कारखान्यात हिशेबासाठी घेतलेली यंत्रे दहा-दहा वर्षे चालत आली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण मदत बंद केली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, अथवा एएमडीचा साधारण रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक दुकानांतील जुने यंत्र हिशेबातून निवृत्त होऊन घरी गेले. घरी मुले त्यावर क्रिकेट, फुटबॉल किंवा माइनक्राफ्ट लावतात. खेळ अडखळतो आणि मग "अब्बा, एक कार्ड घेऊन द्या" अशी मागणी येते.

कोणता खेळ खेळावा आणि किती वेळ खेळावा, हे ज्याच्या त्याच्या आई-वडिलांनी ठरवावे. हे पान व्यवहाराचे आहे, म्हणून आम्ही व्यवहारापुरते लिहितो. थानाचा पन्हा आणि सुताचा काउंट तपासल्याशिवाय एक मीटर कापड न घेणारे आपले व्यापारी बंधू संगणकाच्या दुकानात मात्र डब्यावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजतात. त्यात पैसा जातो आणि खेळही चालत नाही. आमचे सांगणे एवढेच आहे की काम नेमके कुठे अडते ते आधी शोधावे आणि तेवढ्यावरच खर्च करावा.

अडते कुठे?

खेळ चालतो तेव्हा दोन कारागीर एकामागून एक काम करतात. प्रोसेसर हिशेब करतो: चेंडू कुठे गेला, कोण धावला, पुढे काय व्हायचे. ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबावरून चित्र रंगवते. सेकंदाला साधारण ६० चित्रे निघाली तर खेळ गुळगुळीत दिसतो, ३० च्या खाली गेला की अडखळतो. सायझिंगमधून बीम वेळेवर आला नाही तर माग कितीही चांगला असला तरी उभा राहतो, आणि माग मंद असेल तर बीमांचा ढीग साचतो. येथेही तसेच आहे. दोघांपैकी जो मंद, त्याच्या चालीने सारे चालते.

हे ओळखण्यासाठी एक पैसाही लागत नाही. खेळातील चित्रांवरची मर्यादा (तिला व्ही-सिंक म्हणतात) बंद करावी, खेळ सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल तर अडचण कार्डाची आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरी खेळ अडखळत असेल, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतो आहे. दुसरी कसोटी म्हणजे खेळातील चित्राचा आकार १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणून पाहावा. खेळ एकदम वेगात आला तर कार्ड मंद आहे. काहीच फरक पडला नाही तर नवे कार्ड घेऊनही फरक पडणार नाही.

त्याआधी दोन स्वस्त गोष्टी पाहाव्यात. आपल्या गावांत कापसाचा बारीक तंतू हवेत असतो. तो पंख्यात आणि जाळीत साचतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःच आपली चाल कमी करतो. साफसफाई करून नवी थर्मल पेस्ट लावली की काही यंत्रे तेवढ्यावर सुधारतात. दुसरे म्हणजे रॅम. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडून १६ जीबी करावी. दोन पट्ट्या जोडीने काम करतात, त्याचा फायदा वेगळ्या कार्डाशिवाय चालणाऱ्या यंत्राला सर्वांत जास्त होतो.

प्रोसेसर: आधी बोर्ड विचारा

प्रोसेसर कोणता घ्यायचा हे आपली पसंती ठरवत नाही, मदरबोर्डावरचा सॉकेट ठरवतो. म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव आणि क्रमांक कागदावर लिहून मगच बाजारात जावे.

ज्यांच्याकडे २०१७ नंतर घेतलेला एएमडी रायझनचा एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे, ते नशीबवान आहेत. रायझन ३ १२०० सारखा चार कोरचा जुना प्रोसेसर काढून त्याच बोर्डावर २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० बसू शकतो. त्यात सहा कोर आहेत आणि तो ६५ वॅटचा आहे. जुनी डीडीआर४ रॅमही कामात राहते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जे चढले, ते पाहता ही बचत लहान नाही. मात्र बोर्डाच्या कंपनीने आपल्या मॉडेलसाठी नवे बायोस दिले आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर आधी पाहावे, आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच ते बायोस चढवून घ्यावे. आधी प्रोसेसर बदलला तर पडद्यावर काहीच येत नाही आणि माल खराब निघाला असा गैरसमज होतो.

इंटेलच्या बाबतीत सावध राहावे. सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेट, दोघांचेही नाव एलजीए ११५१ आहे, तरी पुढच्या पिढीचा प्रोसेसर मागच्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. नाव एक, माल दोन. चौथ्या पिढीचे आय५ असलेले यंत्र (साधारण २०१३-१४ चे) अजून हलक्या खेळांना पुरते, पण त्याची रॅम डीडीआर३ आहे आणि विंडोज ११ च्या यादीत ते नाही. त्याच्या बोर्डावर मोठा खर्च करू नये. फार तर साधे कार्ड घालावे, जे उद्या दुसऱ्या यंत्रात काढून लावता येईल.

नवा बोर्ड घ्यायचाच असेल तर इंटेलचा आय३-१२१००एफ (चार कोर) किंवा आय५-१२४००एफ (सहा कोर) साध्या खेळांना पुरे आहेत. शेवटच्या 'एफ' अक्षराचा अर्थ लक्षात ठेवावा. त्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसते आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. उलट रायझन ५ ५६००जी मध्ये ती सोय आत असते. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट असे हलके खेळ त्यावर चित्राची प्रत थोडी उतरवून चालतात. ज्यांच्याकडे आज कार्डाचे पैसे नाहीत त्यांना हा मार्ग बरा.

कार्ड: डब्यावरच्या आकड्याला भुलू नका

आमच्या ओळखीच्या एका जरीकाम करणाऱ्या कारागिराने मुलासाठी '४ जीबीचे कार्ड' आणले. घरी खेळ पूर्वीइतकाच अडखळला. ते जीटी ७३० होते, मूळचे २०१४ सालचे, आणि त्यातली ४ जीबी मेमरी मंद डीडीआर३ जातीची. दुकानदार खोटे बोलला नव्हता, ४ जीबी खरेच होते. गोदाम मोठे पण दार अरुंद असेल तर माल वेळेवर बाहेर कसा येणार? त्या कारागिराची आठ दिवसांची मजुरी त्या डब्यात गेली.

असे आणखी दोन सापळे आहेत. जीटी १०३० नावाखाली २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड आले आणि २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे. दुसऱ्याची मेमरी पहिल्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने चालते. आरएक्स ५८० चीही '२०४८एसपी' अशी एक कापलेली आवृत्ती बाजारात फिरते. मूळ कार्डात २३०४ गणनघटक असतात, यात २०४८. म्हणून पूर्ण नाव, मेमरीचे प्रमाण आणि मेमरीची जात, या तिन्ही गोष्टी विचाराव्यात.

मग घ्यावे काय? कंपनीने जोडून दिलेले कचेरीचे यंत्र असेल तर त्याचा पॉवर सप्लाय अनेकदा लहान आणि वेगळ्या घडणीचा असतो. अशा यंत्रात वेगळी वीजतार न लागणारे कार्डच घालावे. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप (२०२४, ७० वॅट) किंवा जुने जीटीएक्स १६५० (२०१९, ४ जीबी, ७५ वॅट) हे त्यातले योग्य पर्याय. जीटीएक्स १६५० च्या काही आवृत्त्यांना मात्र वेगळी तार लागते, तेवढे पाहून घ्यावे. डबा बारीक असेल तर कमी उंचीचे कार्ड मागावे. ज्यांचा पॉवर सप्लाय चांगला आहे त्यांना आरएक्स ६६०० (२०२१, ८ जीबी, १३२ वॅट) १९२०×१०८० च्या पडद्यावर आरामात पुरते. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०५० सुद्धा ८ जीबी आणि १३० वॅटचे आहे. या दोहोंत ज्याचा भाव आणि वॉरंटी पटेल ते घ्यावे.

आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे बोर्डाशी फक्त चार पदरांनी जोडली जातात. नव्या बोर्डावर ते चालून जाते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या किंवा एएमडीच्या बी४५० सारख्या बोर्डावर तोच रस्ता निम्म्या वेगाचा होतो आणि कार्ड मागे पडते. तसेच जीटीएक्स १०५० टीआय आणि तिच्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता त्यांना फक्त सुरक्षेची दुरुस्ती मिळते. स्वस्तात मिळाले तरी हे जाणून घ्यावे.

वीज, जुना माल आणि सचोटी

पॉवर सप्लायच्या डब्यावर '४५० वॅट' छापलेले असते, पण त्यावर विसंबू नये. बाजूच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या ओळीसमोरचे अँपिअर वाचावे आणि १२ ने गुणावे. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट झाले, १५ असतील तर १८० च. प्रोसेसर आणि कार्ड या ओळीवरच जगतात. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या आपल्या गावांत हलका पॉवर सप्लाय जळताना शेजारच्या वस्तूही घेऊन जातो. यंत्रात दुकानाचे जुने हिशेब असतील तर ते उघडण्यापूर्वी दुसरीकडे उतरवून ठेवावेत.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या गावचे दुरुस्तीचे दुकान, जुनी कार्डे भरपूर मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांनी ते 'खोदणे' संपले आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. जुना माल घेण्यात काही वाईट नाही, पण तो चालवून पाहावा. दुकानातच अर्धा तास खेळ लावावा, पंख्याचा आवाज ऐकावा, पडद्यावर ठिपके येतात का पाहावे. जीपीयू-झेड हे मोफत साधन २०१८ पासून एनव्हिडियाची बनावट कार्डे ओळखून दाखवते, ते लावून घ्यावे.

मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता प्रेषित मुहम्मद (स.) यांना आत ओल लागली, तेव्हा लोकांना दिसेल अशी ती वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खोदकामात राबलेले कार्ड 'कमी वापरलेले' म्हणून विकणे म्हणजे तीच ओल खाली दाबणे होय. आपल्या समाजातील अनेक तरुण संगणक विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांनी बिलावर कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीची जात, नवे की जुने आणि किती दिवसांची हमी, हे चार शब्द लिहून द्यावेत. आजचा नफा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक दहा वर्षे टिकेल.

घेणाऱ्यांनीही दोन गोष्टी सांभाळाव्यात. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जे विकले जाते त्यात व्याज पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या नावाने लपलेले असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना याबद्दल बजावले होते. चार महिने पैसे साठवून रोख घेतलेले साधे कार्ड त्यापेक्षा बरकतीचे. दुसरे, मुलाच्या खेळाच्या कार्डाच्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घालून १८ टक्क्यांचे इनपुट क्रेडिट घेऊ नये. ते क्रेडिट धंद्याच्या वापरापुरतेच आहे. बिल मात्र अवश्य घ्यावे, कारण त्याशिवाय हमी वसूल होत नाही.

थोडक्यात क्रम असा: साफसफाई, मग कसोटी, मग रॅम, आणि त्यानंतर प्रोसेसर किंवा कार्ड यांपैकी जे अडते ते एकच. दोन्ही बदलावे लागत असतील आणि बोर्डही जुना असेल, तर खर्चाची बेरीज करून एकदा थांबावे. मुलालाच कागद-पेन्सिल द्यावी, तीन दुकानांचे भाव लिहून आणायला सांगावेत, आणि वरील कसोटी त्याच्याच हातून करून घ्यावी. कार्ड कोणतेही आले तरी मालाची पारख करून सौदा करण्याची सवय त्याला लागेल, आणि ती पुढे गादीवर बसल्यावरही उपयोगी पडेल.