गच्चीवरचा पंप

ऑफिसमधलं एसीचं भांडण तुम्हाला नवं नाही. एकाला १८ हवं, शेजारची मे महिन्यात शाल गुंडाळून बसलेली आणि रिमोट नेमका बॉसच्या ड्रॉवरमध्ये! पण हा गारवा बनवणारी यंत्रं इमारतीत बसतात कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पडला चांदवडला, दादाच्या गच्चीवर.

दादा माझा मामेभाऊ. मुंबई-आग्रा हायवेलगत त्याचं मंगल कार्यालय बांधून होत आलंय. दोन मजले, डोक्यावर कर्ज, वैशाखातली पहिली तारीख बुक झालेली आणि १०० टनांचा सेंट्रल एसी. (हे टन वजनाचे नव्हेत. दिवसभरात साधारण एक टन बर्फ वितळेल एवढी उष्णता बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन.)

हॉलमधली उष्णता बाहेर फेकायला चिलर गच्चीवर आणि त्याचं गरम पाणी निववणारा कूलिंग टॉवर मागच्या अंगणात, असा बेत होता. टॉवरजवळची पंपाची जागा जनरेटरने खाल्ली. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पंप गच्चीवर टाकू, तिथे जागाच जागा आहे. दादा खूश!

पिंपळगावच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आयुष्य काढलेले एक मिस्तरीकाका सहज बघायला आले होते. नकाशा न उघडताच ते म्हणाले, "भाऊ, पंप पाणी ढकलतो. ओढायचं काम हवेचं असतं."

मी मास कॉमवाली, फिजिक्स दहावीतच सोडलेलं. त्यांनी समजावलं ते असं. पंप नळीत फक्त जागा रिकामी करतो, पाणी वर चढवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रकिनारी हा दाब फार तर ३३-३४ फुटांपर्यंत पाणी चढवेल. चांदवड उंचावर, म्हणजे दाब आणखी कमी. त्यात पाइपचं घर्षण आणि कोमट पाणी. दादाची गच्ची तीस फुटांवर. वीस-बावीस फुटांपुढे काका भरवसा देत नाहीत. ओढ जास्त झाली की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते पंपाच्या पंख्यावर फुटतात. "खडी घातल्यासारखा आवाज येतो. लोखंड कुरतडून निघतं."

उपाय सोपा होता. टॉवर गच्चीवर, चिलर आणि पंप खाली. मग पाणी आपल्याच वजनाने पंपाच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. पण काकांनी दुसरा हिशेब मांडला. १०० टनांचा टॉवर पूर्ण लोडवर तासाला साडेसहाशे लिटर पाणी नुसतं वाफेत घालवतो. क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळं. दहा तासांचं लग्न म्हणजे जवळपास एक टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यात लग्नाच्या गारव्यासाठी टँकर? दादा गप्प झाला. मामी मात्र स्पष्ट बोलल्या, "लोकं काय म्हणतील?"

शेवटी हवेवर चालणारा चिलर ठरला. वीज जास्त खातो, पण पाणी उडवत नाही. आणि गंमत बघा, त्याची जागा गच्चीवर आणि पंपाचीही तिथेच! तोच पंप काल चुकीचा, आज बरोबर कसा? कारण आता तो अंगणातल्या उघड्या टाकीतून पाणी ओढणार नाही. चिलर ते हॉल ते चिलर अशी पाण्याने भरलेली बंद नळी आहे. एका बाजूने पाणी उतरतं, तेवढंच दुसऱ्या बाजूने चढतं, वजनाला वजन कटतं. पंपाच्या वाट्याला उरतं ते घर्षण. अट एकच. पाणी तापून फुगलं तर सामावून घेणारी छोटी टाकी सगळ्यांत उंच ठेवायची आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडायची. नाहीतर नळीत हवा शिरते.

संध्याकाळी रंगमहालावरून चक्कर मारली. होळकरांच्या त्या जाड भिंतींना ना पंप, ना टन!

परत आलो तर नवा वाद. कार्यालयाच्या नावाचा भला मोठा बोर्ड चिलरच्या अगदी पुढ्यात येतोय. काकांचं म्हणणं, चिलरने फेकलेली गरम हवा बोर्डला आपटून पुन्हा चिलरमध्येच शिरेल. दादा म्हणतो, हायवेवरून नाव दिसलंच पाहिजे.

मी निघाले तेव्हा दोघं टेप घेऊन बोर्ड किती फूट सरकवायचा ते मोजत होते.