शनिवारी दुपारी दोनचा भोंगा

मागच्या वेळी आपण इंग्लंडच्या गिरण्यांमधल्या घड्याळाबद्दल बोललो. शेवटी एक प्रश्न आला होता: रोज दहा-बारा तास राबणाऱ्या माणसाला खेळायला वेळ मिळाला कुठून? तिथूनच सुरू करू.

कारखाने आले आणि करमणूक वाढली, इतकं सरळ नाही ते. आधी ती आटली. पूर्वी सणाला अख्खं गाव एका चेंडूमागे धावायचं. गल्ल्या, शेतं, ओढे, सगळं मैदानच. १८३५ च्या रस्ते कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला दंड लावला. मोकळी कुरणं तर आधीच कुंपणात गेली होती. कारागीर लोक सोमवारी कामाला दांडी मारायचे, त्याला गमतीने ‘संत सोमवार’ म्हणायचे. हातमागावर हे चालायचं, कारण राहिलेलं काम पुढच्या दिवसांत उरकता यायचं. वाफेच्या इंजिनाला मात्र असा सोमवार परवडेना.

मग आला १८५० चा फॅक्टरी कायदा. कापडगिरण्यांत बायका आणि अल्पवयीन मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबलं पाहिजे, असं त्यात होतं. प्रौढ पुरुषांचं नावही नव्हतं. पण बायका-मुलं उठून गेली की गिरणी चालवणार कोण? त्यामुळे पुरुषही सुटले. इतर धंद्यांत ही अर्धी सुट्टी हळूहळू, भांडून मिळाली. (आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. तिथेही तो कुणी आपणहून दिला नव्हता.)

आता बघा, दोनला सुटायचं, काहीतरी पोटात ढकलायचं आणि तीनला मैदानावर. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, त्याआधी सामना संपायला हवा. इंग्लंडमध्ये शनिवारी तीन वाजता सामना सुरू करायची जी परंपरा आहे, तिचं मूळ हे असं भोंग्यात आहे. शेफील्डच्या एका क्लबच्या नावात तर अजून ‘वेन्सडे’ आहे, कारण त्याच्या मूळ क्रिकेट क्लबातल्या मंडळींना सुट्टी बुधवारी असायची!

नियम मात्र बड्या शाळांमधून शिकलेल्यांनी लिहिले. फुटबॉल असोसिएशन १८६३ साली लंडनमध्ये स्थापन झाली. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, एफए कपच्या अंतिम सामन्यात ईटनच्या माजी विद्यार्थ्यांसमोर ब्लॅकबर्न ऑलिंपिकचा संघ उभा राहिला. त्यात विणकर होते, कप्तान प्लंबर होता. जादा वेळेत विजयी गोल मारला तो एका सूतगिरणी कामगाराने. २-१. सामन्याआधी एका कारखानदाराच्या पैशाने हा संघ सरावासाठी ब्लॅकपूलला राहिला होता, आणि त्यावरूनही नाकं मुरडली गेली.

खरं भांडण इथेच आहे. लांबच्या सामन्याला आगगाडीने जायचं तर शनिवार सकाळचं काम बुडतं. आपण ज्याला खाडा म्हणतो, तो पडतो. ‘पैशासाठी खेळू नये’ हे तत्त्व मोठं उदात्त वाटतं, पण ज्याचा खाडा कधी पडतच नाही त्याला ते सांगणं सोपं आहे. फुटबॉलने १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं मान्य केलं. १८८८ ला लीग निघाली. बाराच्या बारा क्लब उत्तरेतले आणि मिडलँड्समधले, लंडनचा एकही नाही. रग्बीवाले अडून बसले. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, एवढीच उत्तरेतल्या क्लबांची मागणी होती. १८९३ मध्ये ती फेटाळली गेली. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात त्यांनी वेगळी नॉर्दर्न युनियन काढली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. रग्बी दुभंगलं ते खाड्यावरून. आज रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दोनचा भोंगा कायद्याने वाजला तो बायकांच्या नावाने. मैदानाभोवती गर्दी झाली ती मुख्यतः पुरुषांची. बायका सामन्याला जातच नव्हत्या असं नाही. पण गिरणीतून सुटलेल्या बहुतेकींची शनिवारची दुपार आठवड्याची साफसफाई आणि बाजारहाट करण्यात जायची. त्या कामाला भोंगा नव्हता.

पुढच्या व्याख्यानात ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ. तिथे आगगाडीने अख्खी गिरणगावं सुट्टीला यायची.