लायसन्स पोराचे, सही बापाची?

रविवारची सकाळ होती. वर्तमानपत्र उघडून बसलो न बसलो तोच दारात "जयभीम भाऊ" असा आवाज आला. पाहतो तर मेहकर तालुक्यातील एका खेड्यातले आमच्या जुन्या परिचयाचे गृहस्थ. एसटीत अठ्ठावीस वर्षे ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले. सोबत पंचविशीतला मुलगा, आणि मुलाच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद. आम्ही पेशाने कारकून. सरकारी भाषेचा कागद आला की माणसे आमच्याकडे येतात, यात नवल नाही. परंतु त्या दिवशीचा कागद आम्हाला बराच विचार करायला लावून गेला. म्हणून हा लेखप्रपंच.

मुलगा एका व्यापाऱ्याची पिकअप गाडी चालवतो. पहाटे भाजीपाला भरायचा आणि बाजार सुरू होण्याआधी पोहोचवायचा. गाडी वेगाने गेल्याचे कॅमेऱ्याने टिपले. मर्यादा ताशी ६० किलोमीटरची, काटा ७८ वर. चालान अर्थातच गाडीमालकाच्या नावाने आले, कारण नंबरप्लेट त्याची. त्यानंतर विचारणा आली की त्या वेळी गाडी कोण चालवत होते, त्याचे नाव व लायसन्स नंबर कळवा.

मालकाने तोड काढली. तो मुलाला म्हणाला, "तुझं लायसन गेलं तर माझी गाडी उभी राहील अन् तूही घरी बसशील. तुझ्या बाबाचं लायसन घरात पडूनच आहे ना? त्यांचं नाव लिहून देऊ. दंड मी भरतो."

मुलाला ते पटले होते. घरात तान्हे लेकरू, गाडीच्या पगारावर चूल. बापाला मात्र ते गिळता येत नव्हते. म्हणून दोघे आमच्याकडे निवाड्याला आले होते.

कायदा काय सांगतो?

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज स्टेअरिंगवर पोट भरतात. कोणी काळीपिवळी चालवतो, कोणी ट्रॅक्टर, कोणी ट्रक, कोणी खासगी बस. पुष्कळांची समजूत अशी की चालान म्हणजे दंड, आणि दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले. ही समजूत अर्धीच खरी आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. कलम १८३ प्रमाणे वेगमर्यादा ओलांडली तर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. मालवाहू गाड्यांसाठी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर ८० आणि साध्या रस्त्यावर ६० ही कमाल मर्यादा घातली. राज्य सरकार ती आणखी कमी करू शकते.

दंडाच्या पुढचा भाग मात्र फार थोडे लोक वाचतात. वेगाच्या गुन्ह्यात पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. अधिकारी आधी चालकाचे म्हणणे ऐकून घेतो. म्हणणे पटले तर तो सोडूनही देतो. नाही पटले तर पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स बंद, आणि दुसऱ्यांदा तोच प्रकार झाला तर लायसन्स रद्द. एवढेच नव्हे, बंद झालेले लायसन्स परत हवे असेल तर चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. प्रशिक्षण नाही तर लायसन्सही नाही.

आता तडजोडीचे, म्हणजे मोबाईलवर पटकन दंड भरून मोकळे होण्याचे पाहू. कलम २०० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की तडजोडीचा दंड भरला तरी तो गुन्हा पुढच्या वेळी "आधीचा गुन्हा" म्हणून धरला जाईल. तसेच दंड भरल्याने लायसन्सवरील कारवाईतून वा उजळणी प्रशिक्षणातून सुटका होत नाही. म्हणजे पैसे गेले तरी नोंद राहतेच. चालान आपले नसेल, नंबर चुकीचा वाचला गेला असेल, गाडी त्या दिवशी त्या गावी नसेलच, तर डोळे झाकून पैसे भरू नयेत. मुदतीत हरकत घ्यावी. वकील परवडत नाही असे कोणी म्हणू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे. तो हक्क कागदावर ठेवून काय उपयोग?

पण त्या मुलाचे चालान चुकीचे नव्हते. गाडी त्यानेच चालवली होती, आणि वेगही तोच होता.

विलायतेची गोष्ट

इंग्लंडात अशा वेळी चालकासमोर दोन वाटा असतात. वेग थोडाच जास्त असेल तर पोलीस त्याला वेग-जागृतीच्या वर्गाला बसण्याची संधी देऊ शकतात. स्वतःच्या खर्चाने काही तास वर्गात बसायचे, वेगाने काय होते ते समजून घ्यायचे, की प्रकरण संपले. वर्ग नको असेल तर किमान १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ गुण. हे गुण शिक्षेचे. तीन वर्षांत असे १२ गुण साचले की गाडी चालवण्यावर बंदी येते. एकदा वर्ग केला की पुढची तीन वर्षे पुन्हा वेगासाठी ती सवलत मिळत नाही. आणि वेग फारच जास्त असेल तर वर्गाची वाटच बंद.

आपल्याकडे वर्ग की शिक्षा अशी निवड नाही. २०१९ च्या दुरुस्तीने वर्ग ठेवला, पण तो शिक्षेच्या पाठोपाठ. विलायतेत शिकलात तर शिक्षा टळते, इथे शिक्षा भोगून वर शिकायचे. आमच्या मते पहिल्या चुकीला आधी शिकवणे अधिक चांगले. रोजंदारीवरच्या ड्रायव्हरला तीन महिने घरी बसवले तर उपास त्याच्या लेकरांना घडतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने वेग मोडणाऱ्या चालकांचे समुपदेशन सुरू केले होते. त्यामागचा हेतू आम्हाला योग्य वाटतो. चालक शिकला तर रस्ता सुधारतो. नुसता दंड घेतला तर तिजोरी भरते.

विलायतेचीच दुसरी गोष्ट आम्ही त्या बापलेकांना सांगितली. तिथे ख्रिस ह्यून नावाचे पुढारी होते, पुढे मंत्री झाले. २००३ साली त्यांची गाडी वेगात पकडली गेली. लायसन्स वाचावे म्हणून गाडी पत्नी चालवत होती असे दाखवले आणि शिक्षेचे गुण पत्नीने आपल्या लायसन्सवर घेतले. काही वर्षांनी संसार मोडला आणि खोटे बाहेर आले. २०१२ साली मंत्रिपद गेले. २०१३ च्या मार्चमध्ये नवरा-बायको दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. वेगाबद्दल दंड आणि गुणच होते. तुरुंग घडला तो खोटे बोलल्याबद्दल.

आपल्या कायद्यातही मागितलेली माहिती जाणूनबुजून खोटी दिली तर कलम १७९ खाली एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. खोट्या सहीचे ओझे सही करणाऱ्या म्हाताऱ्यावरही येणार होते.

मालक मोकळा कसा?

इथे आम्ही मुलाला एकच प्रश्न विचारला. "एवढा वेग का घेतलास?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, सहाच्या आत माल पोचवा लागते. उशीर झाला तं मालक खाडा मांडते."

वाचकहो, याचेही उत्तर कायद्यात आहे. कलम १८३ नोकराला वेग मोडायला लावणाऱ्यालाही गुन्हेगार धरते. एवढेच नाही, तर अमुक वेळेत पोहोचलाच पाहिजे असा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा पाळून ते शक्यच नसेल, तर तो हुकूम हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. हे किती ड्रायव्हरांना ठाऊक आहे? आपल्या तरुणांनी ते पाठ करून ठेवावे. मालकाशी भांडायला नव्हे, तर निघायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, असे मान वर करून सांगायला.

हिशेबच करू. ४० किलोमीटरचे अंतर ६० च्या वेगाने ४० मिनिटांत कापले जाते, ८० च्या वेगाने ३० मिनिटांत. वाचली किती? दहा मिनिटे. आणि ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोर बैलगाडी वा शाळेचे पोर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर सरते. धडकेची ताकद ६० पेक्षा ८० ला पावणेदोन पटीहून जास्त असते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याने हे दुःख जवळून पाहिले आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. देह ओळखता येईनात. बहुतेकांचे अंत्यसंस्कार बुलढाण्यातच सामुदायिकपणे करावे लागले. त्या अपघाताला वेगच कारण होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु स्टेअरिंगवरच्या एका माणसाच्या हाती किती घरे असतात, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

बापाचा निवाडा

एवढे सारे ऐकून झाल्यावर तो निवृत्त ड्रायव्हर बराच वेळ गप्प होता. मग मुलाकडे न पाहता म्हणाला, "भाऊ, अठ्ठावीस वर्षं गाडी हाकली. एक कुत्रं नाही मेलं माह्या हातून. मी गाडी चालवलीच नाही, तं मी चालवली म्हणून सही कायची करू?"

मुसावादा वेरमणी आपण रोज म्हणतो. म्हणताना ते सोपे असते. तीन महिन्यांचा पगार पणाला लागलेला असताना पाळणे किती अवघड, ते त्या घरात बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही त्या मुलाला कमी लेखत नाही. पण बापाच्या एका वाक्यासमोर आमचे सारे कलम-पुराण फिके पडले, हे कबूल केले पाहिजे.

मुलाने आपले खरे नाव लिहून दिले. सुनावणीला तो वेळेवर गेला, माल पोहोचवण्याच्या घाईची हकीकतही त्याने लेखी दिली. तरी तीन महिने लायसन्स बंद झालेच. ते दिवस त्याने बाजारात हमाली केली. पाठीची सालपटे निघाली. बापाच्या पेन्शनीने आणि बायकोच्या शिलाईने घर चालले. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. उजळणी प्रशिक्षण पूर्ण करून लायसन्स हाती आल्यावर हा दुसऱ्या गाडीवर लागला, पगार पाचशेने कमी. सत्याचा विजय झाला वगैरे आम्ही लिहिणार नाही. नुकसान झालेच. पण आज रस्त्यात कोणी गाडी अडवली तर त्याला कागद लपवावा लागत नाही, आणि बापाच्या नावावर डाग नाही.

घरातल्यांसाठी

शेवटी आमच्या भगिनींना दोन शब्द. घरात गाडी चालवणारा माणूस असेल तर त्याच्या लायसन्सची, विम्याची मुदत तुम्हीही वहीत टिपून ठेवा. चालानचा संदेश आला तर आधी तारीख, ठिकाण आणि गाडीचा नंबर ताडून पाहा, मग पैसे भरा. अठरा वर्षांच्या आतील मुलाच्या हाती गाडी मुळीच देऊ नका. त्याने गुन्हा केला तर कायद्याने पालकाला वा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कोणी "तुमचं लायसन दाखवा, पैसे देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि एक लहानशी गोष्ट. माणूस गाडीवर असताना "कुठपर्यंत आलात? लवकर या" असा फोन करू नका. जेवण झाकून ठेवा. "सावकाश या, आम्ही जागे आहोत" एवढेच निघण्याआधी सांगा.