जाळ्यापुढचा एक नंबर

जळगाव असो की धुळं, गल्लीत फुटबॉलच्या टीम पडल्या की सगळ्यात शेवटी उरलेल्या पोराला एकच वाक्य ऐकू येतं: "तुले पयता येत नही, तू गोलम्हा उभा ऱ्हाय!" दोन चपला टाकून केलेल्या गोलमध्ये ते पोर शिक्षा भोगल्यासारखं उभं राहतं. हा त्या जागेवर सरळसरळ अन्याय आहे. फुटबॉलमधलं सगळ्यात कसबाचं, सगळ्यात धाडसाचं आणि सगळ्यात जास्त काळ टिकणारं काम तेच. पटत नसेल तर पुढचे किस्से वाचा, आणि त्या पोरालाही वाचून दाखवा.

आधी जागेचा हिशोब
गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर. म्हणजे जवळपास १८ चौरस मीटरचं तोंड एकट्याने झाकायचं. सहा फुटी माणसाने दोन्ही हात ताणले तरी रुंदीचा पाव हिस्सा जेमतेम भरतो. उरलेलं सगळं पायांची चाल, उडी आणि अंदाज यांवर. म्हणूनच चांगला गोलकीपर रेषेवर खिळून राहत नाही. चार पावलं पुढे येतो आणि शूटरला दिसणारा गोल लहान करून टाकतो.

शेवटचं स्टेशन वास्को
भुसावळला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलात तर गाडी थेट वास्कोला नेऊन सोडते. हे वास्को म्हणजे साळगावकर क्लबचं गाव, आणि साळगावकरच्या गोलमध्ये वर्षानुवर्षं उभे राहिले ते ब्रह्मानंद शंखवाळकर. जन्म १९५४ चा, पणजीजवळच्या ताळगावचा. राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे संतोष ट्रॉफी. ती गोव्याला आधी कधीच मिळाली नव्हती. १९८३ मध्ये कोलकात्यात बंगालसोबत ती वाटून घेतली. पुढच्याच स्पर्धेत मद्रासला ब्रह्मानंद कप्तान होते आणि या वेळी वाटणी नव्हती: गोव्याने ट्रॉफी एकट्याने जिंकली, तीही अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता! फॉरवर्डने गोल केला की त्याचा फोटो छापून येतो. न झालेल्या गोलचा फोटो कसा काढणार? तरीही ब्रह्मानंद १९८३ ते १९८६ भारताचे कप्तान राहिले, १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री त्यांच्याकडे आली. पंचवीस वर्षं हा माणूस बॉलच्या वाटेत उभा होता.

एकच मैदान, दोन रात्री
आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. २० डिसेंबर २०१५, मडगावजवळचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगची फायनल. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली आणि घरचं मैदान पेटलं. ९० व्या मिनिटाला मात्र बॉल गोव्याच्याच गोलकीपरच्या हाताला लागून स्वतःच्या जाळ्यात गेला. २-२. लगेच चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा मारला आणि हातात आलेली ट्रॉफी गेली. तो गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी. गोव्याचाच मुलगा, आपल्याच माणसांसमोर.

अशा रात्रीनंतर कित्येक जण संपतात. फॉरवर्डने दहा संधी घालवून अकरावी साधली तर तो हिरो. गोलकीपरने दहा वाचवून अकरावी सोडली तर लोकांना अकरावीच आठवते. कट्टीमणी खेळत राहिला आणि पुढे हैदराबाद एफसीत गेला.

२० मार्च २०२२. बरोबर सहा वर्षं तीन महिन्यांनी पुन्हा फायनल, पुन्हा तेच फातोर्डा. समोर केरला ब्लास्टर्स. केरलाने आधी गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होराने, तोही गोव्याचाच, असा शॉट हाणला की १-१ झाली आणि सामना पेनल्टींवर गेला. कट्टीमणीने पहिली पेनल्टी अडवली. मग निशू कुमारची अडवली, पण पंच म्हणाले की गोलकीपर रेषेच्या पुढे आला होता, किक पुन्हा. त्याने तीही अडवली! मग जॅक्सन सिंगचीही. हैदराबाद ३-१ ने चॅम्पियन. हिशोबात तीन पेनल्टी लागल्या, पण हातांनी चार अडवल्या होत्या. ज्याने २०१५ ची रात्र पाहिली त्याला २०२२ च्या रात्री टाळ्या वाजवताना घशात आवंढा आला असेल, यात शंका नाही.

ठाण्यातले ऑलिंपियन
१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला, हे आज सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत. त्या संघातले एक गोलकीपर होते एस. एस. नारायण. मुंबईत माटुंग्याच्या मैदानांवर घडलेले, कॅल्टेक्स कंपनीकडून खेळणारे. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघातही ते होते. २०२१ मध्ये ठाण्यात त्यांचं निधन झालं.

तेव्हा लीगचे कोट्यवधींचे करार नव्हते. खेळाडू कंपनीत नोकरी करायचा आणि कंपनीकडूनच खेळायचा. टाटा, मफतलाल, महिंद्रा, ओर्के मिल्स या मुंबईच्या टीम अशाच उभ्या राहिल्या. रेल्वेचंही तेच, संतोष ट्रॉफी रेल्वेने १९६० च्या दशकात तीनदा जिंकली. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात मैदान आणि नोकरी यांचं नातं कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नियमांची गंमत
१९१२ पर्यंत गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हातात घेता यायचा! वेल्सचा ली रूस नावाचा गोलकीपर बॉल जमिनीवर आपटत आपटत थेट मध्यरेषेपर्यंत यायचा, समोरचे हैराण. मग हात लावायची मुभा पेनल्टी एरियापुरती उरली. १९९२ मध्ये दुसरा धक्का बसला: आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी. त्या दिवसापासून गोलकीपरला पायानेही खेळता येणं भाग पडलं. आणि अगदी ताजा नियम २०२५ चा: बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या टीमला थेट कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात. आघाडीवर असताना बॉल पोटाशी धरून आरामात लोळायचे दिवस संपले.

उडी मारू की नको?
पेनल्टी ११ मीटरवरून. ताशी १०० किलोमीटर वेगाचा बॉल ०.४ सेकंदात गोलमध्ये. इतक्या वेळात बघून ठरवणं अशक्यच, म्हणून गोलकीपर आधीच एक बाजू धरतो. २००७ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्टींचा अभ्यास छापला. शंभरातले सुमारे २९ शॉट मधोमध आले होते, पण गोलकीपर मध्ये थांबला जेमतेम सहा वेळा. थांबला तेव्हा तीनातली एक पेनल्टी वाचली. डावी-उजवी उडी मारली तेव्हा सातातली एक वाचणंही कठीण. मग थांबत का नाहीत? कारण उडी मारून गोल गेला तर लोक म्हणतात, प्रयत्न तरी केला. उभं राहून गेला तर म्हणतात, खांबासारखा उभा होता. स्टँडमध्ये बसून ओरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

चाळिशीनंतरही
डिनो झॉफ यांनी १९८२ चा वर्ल्ड कप इटलीचे कप्तान म्हणून उचलला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये ४५ व्या वर्षी उतरला आणि सौदी अरेबियाविरुद्ध पेनल्टी वाचवून दाखवली. फुटबॉलमधला मानाचा बॅलन डी'ओर मात्र आजवर एकाच गोलकीपरला मिळालाय, सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनला, १९६३ मध्ये. एवढ्या वर्षांत फक्त एक! हे मला अजिबात पटत नाही.

मुरमावरची डाइव्ह
युरोपातली पोरं हिरवळीवर पडतात. आपल्याकडे मैदान म्हणजे मुरूम आणि भेगाळलेली काळी माती. कोपर सोलून निघतं, कंबर दुखते आणि पोर डाइव्ह मारायलाच घाबरतं. म्हणून पडायचं कसं ते आधी शिकवावं लागतं. पोटरी, मांडी, कंबरेची बाजू, मग खांदा, असं क्रमाने जमिनीला टेकायचं. कोपरावर कधीच नाही. सुरुवात गुडघ्यावर बसून करायची आणि शक्यतो पावसाळ्यात, माती मऊ असताना. बॉल झेलताना हात ताठ ठेवायचे नाहीत. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावरून उतरवून घेतात तसा, येणाऱ्या वजनासोबत हात थोडे मागे नेत, बॉल छातीशी घ्यायचा.

ग्लोव्हजचंही एक शास्त्र आहे. तळव्यावर लेटेक्स असतं आणि ते किंचित ओलं असलं की बॉल जास्त चिकटतो, म्हणून सामन्याआधी मोठे गोलकीपर ग्लोव्हजवर पाणी मारताना दिसतात. मुरमावर हे लेटेक्स झपाट्याने झिजतं, तेव्हा नवी जोडी सामन्याला ठेवावी आणि जुनी सरावाला वापरावी. खेळून झालं की कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवायचे. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात दोरीवर टाकले तर लेटेक्स कडक होऊन त्याला तडे जातात.