काळ्या जमिनीतील घराचे खांब

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या पुलगावच्या परिसरातील काळी जमीन कापसाच्या पिकास जितकी उपकारक, तितकीच घरबांधणीस अडचणीची आहे. पावसाळ्यात ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज या हालचालीचे मूळ होय. तिच्यात उथळ रोवलेला खांब दरवर्षी किंचित वर उचलला जातो व किंचित खाली बसतो. घराचे सर्व खांब सारखेच हलले असते, तर फारसे बिघडले नसते. परंतु मोरीकडचा खांब बारमाही ओल्या मातीत आणि अंगणाकडचा कोरड्या मातीत उभा असतो. परिणामी भिंतीला तिरपी भेग जाते, दार चौकटीत अडकू लागते आणि दोष मात्र सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो.

हलक्या घराला पाया बेताचा चालतो, असा समज सर्वत्र आढळतो. काळ्या जमिनीत तो खरा ठरत नाही. फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन पत्र्याच्या छपराच्या लहान घरात नसते. म्हणून भेगांचा त्रास अशाच घरांना अधिक होतो.

खांब किती खोल न्यावा, हे ठराविक फुटांवर नव्हे, तर मुरूम कोठे लागतो यावर ठरते. मुरूम किंवा टणक थर जवळ असल्यास पाया तेथवर नेऊन टेकविणे सर्वांत चांगले. माती फार खोल असेल, तर रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी कंदासारखा फुगीर असलेला काँक्रीटचा खुंट उपयोगी पडतो. हातगिरमिटाने जमिनीत सुमारे साडेतीन मीटर खोल भोक घेतात व तळाशी ते अडीचपट रुंद करतात. या खोलीवर ऋतुमानाचा परिणाम जवळजवळ पोहोचत नाही आणि वरच्या मातीने खुंट ओढला, तरी तळाचा कंद त्याला वर येऊ देत नाही. खुंटांना जोडणारी जोत्याची तुळई जमिनीपासून सुमारे ८ सेंटिमीटर अधांतरी ठेवावी लागते, नाहीतर फुगलेली माती तिलाच खालून रेटते.

पुष्कळदा खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता खणला जातो, कारण कुदळीला तेच सोयीचे असते. असा खड्डा काँक्रीटने भरल्यास मातीला उचलण्यासाठी आयती पकड मिळते. खणलेला खड्डा उन्हात वा पावसात उघडा राहू न देता शक्यतो त्याच दिवशी तळ काँक्रीटने झाकून घ्यावा. भराव करताना निघालेली काळी माती पुन्हा आत ढकलण्याचा मोह टाळून मुरूम वापरावा आणि १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुम्मस करावा. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी केल्यास पावसाचे पाणी खांबाच्या पायथ्याशी मुरत नाही. न्हाणीचे सांडपाणीही नालीवाटे दूर न्यावे. दोन-तीन हजार रुपयांची नाली टाळून लाखाचे घर धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे.

सलोह काँक्रीटच्या खांबाच्या सळया पायातील जाळीवर आडव्या वळवून बसवाव्यात. नुसत्या टोचून उभ्या करू नयेत. सळयांचा जोड सळईच्या जाडीच्या सुमारे पन्नासपट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईस ६० सेंटिमीटर असावा. कड्यांची टोके आतल्या बाजूस वळवावीत व खांबाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी कड्या जवळजवळ ठेवाव्यात. ओळंबा दोन बाजूंनी लावावा. विदर्भातील उन्हात काँक्रीटवर किमान दहा दिवस ओले गोणपाट राहिले पाहिजे.

लाकडी खांबाची परंपरा या भागात जुनी आहे. जुने सुतार खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करीत, त्यामागे अनुभव होता. लाकूड कुजते ते मुख्यत्वे जमिनीच्या पातळीशी, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वाळवीही तेथूनच चढते. मात्र नुसता टेकलेला खांब आडव्या धक्क्याने सरकू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात या रचनेची दोन्ही अंगे दिसून आली. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, तरी अनेक घरांतील लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जेथे खांब व तुळई यांमध्ये तिरपे आधार नव्हते, तेथे तो कलण्याचा धोका होता. म्हणून पुढे दुरुस्तीत असे आधार बसविण्याची शिफारस झाली. हा भाग त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, ही गोष्ट वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील बांधकाम करणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे. नव्या लाकडी खांबासाठी तळखड्यात लोखंडी पट्टी बसवून तिला खांब बोल्टने जखडणे पुरेसे होते.

२०१६ पासून राबविल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातील घरकुलास १ लाख २० हजार रुपये साहाय्य मिळते. हे साहाय्य हप्त्यांनी दिले जाते व बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात. जोत्याच्या छायाचित्रात मात्र जमिनीखालचे काहीच दिसत नाही. म्हणून खड्डा उघडा असतानाच ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने तळाशी मुरूम लागला की नाही, जाळी बसली की नाही हे पाहावे, आणि खड्डे बुजविण्याचा दिवस लाभार्थ्याने ग्रामपंचायतीस आधी कळवावा, एवढी व्यवस्था गावपातळीवर विनाखर्च करता येते.