अग्निपरीक्षा (लेखांक ६) : सुरुवातीचे दोन सेकंद

१५ नोव्हेंबर २००७ रोजी तमिळनाडूतल्या महेंद्रगिरी इथल्या चाचणीतळावर इस्रोचा स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा सलग ७२० सेकंद चालला. उड्डाणात त्यानं जेवढा वेळ जळायचं तेवढा, म्हणजे पूर्ण बारा मिनिटं. परीक्षा उत्तीर्ण. मग १५ एप्रिल २०१० रोजी असाच टप्पा माथ्यावर घेऊन जीएसएलव्ही-डी३ रॉकेट श्रीहरिकोटाहून निघालं. खालच्या टप्प्यांनी आपलं काम चोख केलं, क्रायोजेनिक इंजिन पेटलंही, पण सव्वादोन सेकंदांच्या आतबाहेर त्याचा जोर वाढायचाच थांबला. जीसॅट-४ उपग्रहासह सगळं बंगालच्या उपसागरात गेलं.

जमिनीवर बारा मिनिटं चाललेलं इंजिन आकाशात दोन सेकंदांत का मरावं? रॉकेट इंजिन चालू ठेवणं अवघड आहेच, पण ते चालू करणं त्याहून अवघड आहे.

क्रायोजेनिक इंजिनाचं इंधन असलेला द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो, ते जाळायला लागणारा द्रव ऑक्सिजन उणे १८३ वर. नेहमीच्या तापमानाची नळी म्हणजे हायड्रोजनच्या दृष्टीनं तापलेला तवाच; त्यावर पडताक्षणी त्याची वाफ होते. ही वाफ पंपात शिरली तर पात्यांना रेटायला द्रवच उरत नाही आणि पंप भलत्याच वेगानं गरगरू लागतो. म्हणून इंजिन पेटवण्याआधी नळ्या, पंप, व्हॉल्व्ह हे सगळं थोडं थोडं इंधन सोडून गार करून घ्यावं लागतं. गार होताना धातू आकसतो, आणि प्रत्येक भाग सारखा आकसत नाही. फिरणारा दांडा आणि त्याभोवतीचं सील यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते. ती नेमकी किती उरेल, याचा हिशेब इथेच चुकू शकतो.

पुढचा पेच असा की टर्बाइन फिरवायला गरम वायू लागतो, तो वायू तयार व्हायला इंधन लागतं, आणि इंधन आणायला टर्बाइननं पंप फिरवावा लागतो. हे चक्र सुरू करून देण्यासाठी बाहेरून एक धक्का द्यावा लागतो. त्यानंतर व्हॉल्व्ह मिलिसेकंदांच्या हिशेबानं, ठरल्या क्रमानं उघडतात. ठिणगी जरा उशिरा पडली तर दहन कक्षात साचलेलं इंधन एकदम पेटतं, आणि मग त्याला प्रज्वलन न म्हणता स्फोट म्हणावं लागतं.

डी३ मध्ये घात झाला तो हायड्रोजनच्या बूस्टर पंपाचा. मुख्य पंपाला पुरेशा दाबानं हायड्रोजन मिळावा म्हणून त्याच्या आधी बसवलेला हा पंप. इस्रोच्या चौकशीत दिसलं की तो व्यवस्थित सुरू झाला, मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांपर्यंत पोहोचला, पण टप्पा सुरू झाल्यावर ०.९ सेकंदानं त्याचा वेग पडू लागला आणि पुढच्या ०.६ सेकंदात तो थांबला. एखाद्या सीलपाशी दांडा धरला गेला असावा, किंवा दाब आणि तापमानाच्या ताणानं टर्बाइनचं आवरण फुटलं असावं, अशा दोन शक्यता समितीनं मांडल्या. पुरावा म्हणून हाती होते फक्त दूरमापनाचे आकडे. पंप उघडून पाहायची सोय नव्हती. बेअरिंग आणि आवरण अतिशीत तापमानात किती आकसतं याचा विचार करून पंपाची रचना बदलण्यात आली, आणि स्वदेशी टप्प्याच्या पुढच्या उड्डाणाआधी इंजिन निर्वात कक्षात पेटवूनही पाहिलं गेलं. ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ नं जीसॅट-१४ कक्षेत सोडला.

निर्वात कक्षाचा खटाटोप उगाच नाही. वरच्या टप्प्याचं इंजिन पोकळीत पेटायचं असतं, तर आपण राहतो हवेच्या तळाशी. शिवाय त्याचं नोझल पोकळीसाठी लांबरुंद केलेलं. ते जमिनीवर तसंच चालवलं तर बाहेरच्या हवेच्या दाबामुळे आतला झोत भिंतीपासून सुटतो, आणि नोझल हादरून फुटू शकतं. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाची चाचणी समुद्रसपाटीच्या दाबात झाली, तेव्हा याच कारणानं नोझलसाठी वेगळी संरक्षण व्यवस्था लावली होती.

आता सध्याचं प्रकरण. इस्रोच्या एलव्हीएम-३ या रॉकेटसाठी केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं २००० किलोन्यूटनचं सेमी-क्रायोजेनिक इंजिन घडतं आहे. यात टर्बाइन फिरवणारा गरम वायू ऑक्सिजननं ओतप्रोत भरलेला असतो, म्हणजे इथे धातूही पेट घेऊ शकतो. त्यामुळे इस्रोनं आधी दहन कक्ष बाजूला ठेवून फक्त पंप, टर्बाइन, तो गरम वायू तयार करणारा प्री-बर्नर आणि नियंत्रण यांची जोडणी चाचणीला घेतली. १ जुलै २०२३ ची पहिली चाचणी ४.५ सेकंदांची ठरली होती. १.९ सेकंदांपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. दुसऱ्या सेकंदाला टर्बाइनमधला दाब अचानक उसळला, वेग पडला आणि चाचणी थांबवावी लागली. २८ मार्च २०२५ ला अडीच सेकंदांची चाचणी यशस्वी झाली, २४ एप्रिलला साडेतीन सेकंदांची. दोन सेकंदांवरून अडीचवर यायला पावणेदोन वर्षं लागली, आणि मला तरी ही गती संथ वाटत नाही. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या इंजिनांचे भाग बनतात. तिथल्या कारागिराला विचारलं तर असा एक पंप नव्यानं उभा करणं म्हणजे काय, ते तो माझ्याहून नेमकं सांगेल.

आपल्याकडे बातमीचा मथळा लांब चाचणीला मिळतो. अभियंत्याच्या लेखी मात्र डी३ नंतर पंपाच्या वेगाच्या आलेखातले पहिले दीड सेकंदच महत्त्वाचे होते. इंजिन धडपणे सुरू होतं की नाही हे कळायला तेवढे पुरतात.

पुढच्या आठवड्यात इंजिन बंद कसं करतात ते पाहू. तेही वाटतं तितकं सोपं नाही.