जुन्या मराठी ईमेलमधली प्रश्नचिन्हं कुठून आली?

नव्वदच्या दशकातला किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतला मराठी ईमेल आज उघडला, तर मजकुराच्या जागी अनेकदा प्रश्नचिन्हं, रोमन अक्षरांचा गुंता किंवा रिकाम्या चौकटी दिसतात. त्यावरून ‘संगणकाला मराठी झेपत नव्हती’ आणि ‘तो मजकूर गेला’ असे दोन निष्कर्ष सर्रास काढले जातात. दोन्ही घाईचे आहेत. मजकूर बिघडला तो एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना झालेल्या रूपांतरात किंवा तिथे वाचला जाताना. नेमकं कुठे चुकलं हे ओळखलं, तर त्यातला बराचसा पुन्हा वाचता येतो.

गैरसमज : संगणक इंग्रजीसाठीच बनला होता.
वस्तुस्थिती : संगणक फक्त आकडे साठवतो, कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे माणसं आपसांत ठरवतात. ईमेल पोचवण्याचे १९८२चे नियम सात बिटांचे होते. सात बिटांत १२८च चिन्हं बसतात. त्यामुळे फ्रेंच-जर्मन अक्षरांचीही तीच अडचण होती. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे मानक आलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं ते वापरात आणलं. ते आठ बिटांचं असून त्यात ‘म’चा क्रमांक २०४ आहे. वाटेतल्या एखाद्या जुन्या सर्व्हरनं आठवा बिट कापला, की २०४चे ७६ होतात आणि ‘म’ऐवजी रोमन ‘एल’ पोचतो. यावर १९९२मध्ये ‘माइम’ हा तोडगा निघाला : मजकूर सात बिटांत बसेल असा बदलून पाठवायचा आणि तो कोणत्या संकेतप्रणालीत, म्हणजे अक्षर-क्रमांकांच्या कोणत्या तक्त्यात आहे, हे ईमेलच्या माथ्यावर लिहायचं. पण ही नोंद पाठवणाऱ्यानं लिहायला आणि घेणाऱ्याच्या प्रोग्रामनं वाचायला हवी होती. अनेक वर्षं दोन्हींत त्रुटी राहिल्या.

गैरसमज : योग्य फॉन्ट टाकला की प्रश्न मिटतो.
वस्तुस्थिती : हे अर्धसत्य आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ या फॉन्ट-संचानं मराठी छपाईचं मोठं काम सोपं केलं. मात्र त्या काळच्या अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. छापील पानाला तेवढं पुरेसं होतं, कारण पान छापल्यावर फॉन्टची गरज संपते. ईमेलमधून मात्र फक्त क्रमांक जात. फॉन्ट मागेच राही. ‘तोच फॉन्ट टाकल्यावर तर नीट दिसतं ना?’ असा आक्षेप कोणी घेईल. दिसतं हे खरं. पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच राहतो, म्हणून त्यात मराठी शब्द शोधता येत नाही की अकारविल्हे यादी लावता येत नाही. जगभरच्या लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ या मानकात मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो.

गैरसमज : बिघडलेला मजकूर कायमचा गेला.
वस्तुस्थिती : बिघाडाचं रूप पाहूनच निदान करावं. चौकटी दिसल्या, तर अक्षरं बहुधा शाबूत आहेत. ती दाखवणारा फॉन्ट तेवढा नाही. रोमन गुंता दिसला, तर क्रमांक बहुतेकदा टिकलेले असतात. फक्त ते चुकीच्या तक्त्यानं वाचले जात आहेत. योग्य संकेतप्रणाली निवडली किंवा जुन्या फॉन्टसाठीचा परिवर्तक प्रोग्राम वापरला, की मजकूर परत मिळू शकतो. प्रश्नचिन्हं मात्र गंभीर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला अक्षरासाठी जागा सापडली नाही आणि त्यानं तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं, तर त्या प्रतीतलं मूळ अक्षर पुसलं गेलं. तरीही पाठवणाऱ्याच्या पेटीत मूळ प्रत असू शकते.

युनिकोडवर एक आक्षेप असा घेतला जातो, की त्यात मजकूर जड होतो. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या रूपात देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे प्रत्येक अक्षर किंवा काना-मात्रा, तीन बाइट घेतो. ‘मराठी’ या शब्दाचे पाच घटक, म्हणजे १५ बाइट. ईमेलसाठी सात बिटांत बसणारं ‘बेस-६४’ रूप दिलं की २०. डायल-अपच्या काळात ही काळजी रास्त होती. पण दोन हजार घटकांचं लांबलचक पत्रसुद्धा या हिशेबानं आठ हजार बाइटांच्या आसपास राहतं. मोबाइलवर काढलेला साधा फोटो त्याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून संस्थांनी आणि घरोघरच्या लोकांनी जुने मराठी ईमेल निरुपयोगी समजून पुसू नयेत. मूळ फाइल न बदलता जपावी आणि युनिकोडमधलं रूपांतर वेगळ्या प्रतीवर करावं. वाचता न येणारी फाइलही पुढे वाचता येऊ शकते. पुसलेलीचं तसं नाही.